आयडी किती, ओडी किती, घोडे किती

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आलात म्हणजे अभ्यासाची कटकट संपली. आता फक्त इंटरव्ह्यूची तयारी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा अशी शंका ज्यांना येते, ते पुढे एमटेक करून शिकवायला लागतात. आपल्याला नोकरी पाहिजे आहे, तेव्हा मी सांगतो तसं करा.

सुरुवात रेझ्युमेपासून. तो स्वतः लिहायचा नसतो. मागच्या बॅचमध्ये ज्याचं काम झालं त्याच्याकडून वर्ड फाइल मागवायची आणि नाव बदलायचं. मोबाइल नंबरही आठवणीने बदला. आमच्या वर्गातल्या एकाने नुसतं नाव बदललं होतं. त्याला यायचा कॉल हिंजवडीत आधीच चिकटलेल्या दादाला गेला. दादाने पगार विचारला, बरा वाटला, कंपनी बदलली.

‘स्किल्स’खाली सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, एसक्यूएल, मशिन लर्निंग ही सगळी आरती एका दमात म्हणून टाका. जे खरोखर येतं ते मात्र चुकूनही लिहू नका. सातपूरला काकांच्या वर्कशॉपमध्ये दोन सुट्ट्या लेथवर उभे राहिला असाल, मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर स्वतः खोलून जोडला असेल, तर ते घरातच ठेवा. उगाच लोकांना वाटायचं की तुम्हाला काही करता येतं.

त्याखाली प्रोजेक्ट. प्रोजेक्ट म्हणजे चौघांच्या ग्रुपमध्ये एकाने केलेलं किंवा चौघांनी वर्गणी काढून आणलेलं काम. नाशिकचे असाल तर विषय ठरलेलाच आहे: द्राक्षाच्या पानावरचा रोग ओळखणारं ॲप. अचूकता ९८ टक्के लिहा. शंभर लिहू नये, खोटं वाटतं.

मध्यंतरी पॅनेलवर बसायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा दिंडोरीकडचा एक मुलगा हेच ॲप घेऊन आला होता. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याची पिंपळगावला बाग आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? सहकाऱ्याने विचारलं, “डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या कुठल्या अंगाला दिसते?”

मुलगा ताठ बसला. “सर, सीएनएन इज अ टाइप ऑफ न्यूरल नेटवर्क व्हिच...”

“घरी बाग आहे?”

“हो सर. तीन एकर.”

“मग वडील कसं बघतात?”

मुलाने काही न बोलता स्वतःचा रेझ्युमे टेबलावरून उचलला, कोपऱ्याला दोन बोटांत धरून उलटा केला, उजेडाकडे नेला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डोळे बारीक करून बघितलं. उत्तर शंभर टक्के बरोबर. वरून दिसतात ते पिवळसर तेलकट डाग, बुरशी पानाखाली. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. त्याने कागद सरळ करून खाली ठेवला आणि पुन्हा “सर, सीएनएन इज अ” सुरू केलं.

त्या ॲपची गंमत अशी की बहुतेकांचे फोटो प्लांटव्हिलेज नावाच्या फुकट मिळणाऱ्या संचातून उचललेले असतात. त्यात द्राक्षाच्या पानांचे चार गट आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. डाऊनी नाही, भुरी नाही. म्हणजे आपल्याकडचा शेतकरी ज्या दोन रोगांच्या धाकाने पाऊस पडला की पंप पाठीला लावतो, ते दोन्ही या ९८ टक्क्यांच्या बाहेर. पोराच्या घरी तीन एकर फोटो उभे होते. तरीही त्याची चूक लक्षात ठेवा: त्याने कागद उलटा करायला नको होता.

मेकॅनिकलवाल्यांसाठी दोन शब्द वेगळे. तुम्ही भाग्यवान. एका हाताला अंबड, दुसऱ्या हाताला सातपूर, वर ओझरला मिगपासून सुखोईपर्यंत लढाऊ विमानं बांधली गेली. एवढं सगळं अंगणात असल्यामुळे ते आत जाऊन बघायची गरज पडत नाही. मीही बघितलं नव्हतं.

माझा पहिला इंटरव्ह्यू अंबडच्या एका कंपनीत होता. टेबलावर पितळेचा एक बुश, म्हणजे आरपार भोक असलेला गोल तुकडा, आणि शेजारी व्हर्नियर. साहेबांनी लीस्ट काउंट विचारला, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप. ०.०२ मिलिमीटर. सूत्रासकट सांगितला, मेन स्केलचा एक भाग भागिले व्हर्नियरचे पन्नास भाग. साहेब खूश झाले. म्हणाले, “छान. आता आयडी सांग.”

मी शर्टाच्या खिशातून कॉलेजचं आयकार्ड काढून बुशाशेजारी ठेवलं.

साहेब बराच वेळ त्या कार्डाकडे बघत राहिले. फोटोत मी आहे त्यापेक्षा बावळट दिसत होतो. चहा घेऊन आलेला आयटीआयचा अप्रेंटिस पोरगा खाली वाकून हळूच म्हणाला, “आतला व्यास, दादा.” मग मी बुश खालच्या मोठ्या जबड्यांत धरला. तिथे बाहेरचं माप येतं, म्हणजे ओडी. पोराला ते बघवेना. त्याने कप ठेवले, माझ्या हातातून व्हर्नियर घेतलं, उलटं करून वरचे दोन छोटे जबडे भोकात घातले, अंगठ्याने सरकवले. “पंचवीस पॉइंट झिरो चार,” म्हणाला आणि बशीत सांडलेला चहा पुसायला लागला.

या प्रयोगाला माझ्या जर्नलमध्ये दहापैकी नऊ मार्क होते. प्रयोग कुणीतरी केला असणारच, कारण ज्याचं उतरवलं त्याच्या जर्नलमध्ये आकडे होते.

तेव्हा ज्या हत्याराचं वर्णन येतं ते कधी हातात घेऊ नये. कुणी दिलंच तर म्हणावं, “सर, ॲक्च्युअली माझा इंटरेस्ट सॉफ्टवेअरमध्ये आहे.” मी तेच म्हणालो आणि ते खरं करण्यापलीकडे माझ्याकडे दुसरा मार्ग उरला नाही.

सॉफ्टवेअर म्हटलं की पुणे. पहाटेची एसटी धरा. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पाठ होऊन जातं. ‘मायसेल्फ’ने सुरुवात करू नका असं क्लासवाले सांगतात, पण ‘मायसेल्फ’ने सुरुवात करणारे आज तिथे मॅनेजर आहेत, त्यामुळे मी त्यात पडत नाही. उतरायचं नाशिक फाट्यावर. दोनशे किलोमीटर येऊन पाटीवर पुन्हा नाशिकच वाचलं की पोटात कसंतरी होतं. ते भुकेने नाही.

आता आतली खोली. गोदावरीचा पूर मोजायला नाशिककर धरणाच्या विसर्गाचे क्युसेक ऐकतो, पण विश्वास ठेवतो तो नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. इंटरव्ह्यूचं पाणीही असंच चढतं. ‘ऊप्सचे (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे) चार पिलर्स सांगा’ म्हणजे पाणी पायाला लागलं. इथे सुसाट सुटायचं. ‘ॲब्स्ट्रॅक्शन आणि एन्कॅप्सुलेशनमधला फरक?’ गुडघे. ‘तो फरक तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये दाखवा.’ कमर. ‘का?’ हा प्रश्न आला की समजावं, मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं. सिलॅबसमध्ये ‘का’ कुठल्याच युनिटमध्ये नाही.

डेडलॉक, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत कायमचे अडकून बसणं, हा लाडका प्रश्न. चार अटी आहेत, कॉफमन आणि मंडळींनी १९७१ साली मांडलेल्या. एक वस्तू एका वेळी एकानेच वापरायची. हातातली धरून ठेवून दुसरीची वाट बघायची. कुणाकडून हिसकावून घ्यायची नाही. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण झालं पाहिजे. चारही एकदम जमल्या की सगळं ठप्प. उदाहरण मागितलं तर सरळ पाच तत्त्वज्ञ काढायचे. गोल टेबल, पाच तत्त्वज्ञ, पाच काटे, प्रत्येकाला जेवायला दोन काटे लागतात, प्रत्येकाने डावीकडचा उचलून ठेवला आहे. दोन काट्यांनी जेवणारा माणूस तुम्ही जन्मात पाहिलेला नाही, आणि मिसळीच्या टेबलावर पाच जण बसले तर तर्रीवरून भांडण होतं, डेडलॉक होत नाही. तरीपण तत्त्वज्ञच सांगा.

संध्याकाळी सहा वाजता नाशिकच्या द्वारका चौकात तुम्ही ॲक्टिव्हावर अडकलेले असता. समोर आडवी बस, बसला रिक्षा हलू देत नाही, रिक्षाला टेम्पो, आणि टेम्पोच्या तोंडाशी तुम्ही. मागे सरकायला कुणीच तयार नाही. चारही अटी हॉर्न वाजवत तुमच्याभोवती उभ्या असतात आणि तुम्ही हेडफोन लावून त्यांचंच पाठांतर करत असता. द्वारका सांगू नका. समोरचा हसेल, मग तोही नाशिकचा निघेल, मग गप्पा सुरू होतील आणि त्या नादात तुम्हाला डेडलॉक समजला आहे हे उघड होईल.

बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीचा मधला आकडा बघून दरवेळी अर्धी यादी बाद करत शोधणं, यावर जास्त वेळ घालवत नाही. बोर्डावर लिहायला सांगतील. सगळे लिहितात: मधला म्हणजे लो अधिक हाय भागिले दोन. मग समोरचा मंद हसतो. ते हसू समजून घ्या. दोन्ही आकडे मोठे असले की बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे जाते आणि ‘इंट’ म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या डब्यात मावत नाही, उलटी होऊन ऋण येते. खुद्द जावाच्या लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती; जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ती जगाला सांगितली. ते स्वतः त्या लायब्ररीच्या कर्त्यांपैकी, आणि त्यांनी सरळ लिहून टाकलं की होय, आमच्याकडूनच झालं. असल्या माणसाचा आदर्श ठेवू नका. तुमची चूक निघाली तर म्हणा, “सर, मार्कर नीट उठत नव्हता.”

शेवटी हात मिळवून ते म्हणतील, “कळवतो.” या शब्दाचा अर्थ तुम्हाला शिकवायची गरज नाही. ज्या घरात एखाद्या ताईचे कांदेपोहे झालेत त्या घरात तो अर्थ लहान पोरालाही कळतो. मुलाकडचे लाडू खातात, खोली बघतात, पाण्याची वेळ विचारतात, आणि चपला घालताना म्हणतात, “कळवतो.” मग पंधरा दिवसांनी मध्यस्थाकडून समजतं की पत्रिका जुळत नव्हती. कंपनीत पत्रिकेच्या जागी ‘कल्चर फिट’ म्हणतात. घरी फोन करून सांगायचं, “चांगला झाला. कळवतो म्हणालेत.” आई लगेच नवश्या गणपतीला बोलते. वडील म्हणतात, “बरं.” त्यांना अर्थ माहीत असतो.

राहिले घोडे. पंचवीस घोडे, एका वेळी पाच पळू शकतात, घड्याळ नाही. सर्वांत वेगवान तीन शोधायचे. कमीत कमी शर्यती किती? हा प्रश्न विचारला नाही तर इंटरव्ह्यू झाल्यासारखा वाटत नाही, मग नोकरी घोड्यांशी संबंधित असो वा नसो. उत्तर आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या पीडीएफमध्ये आहे: ६. तेवढं पाठ करा.

मागच्या वर्षी एका मुलीने ७ सांगितलं. मॅनेजरने भुवई वर केली. “शुअर? सिक्स ना?” त्याचीही तयारी कधीकाळी त्याच पीडीएफवर झालेली. मुलीने कागद ओढला. पाच शर्यती, पाच गट. सहावी फक्त जिंकलेल्यांची. “सर, इथे पहिला मिळाला. पण दुसरा आणि तिसरा अजून ठरला नाही.” मग तिने एकेक नाव खोडायला सुरुवात केली. सहावीत चौथा-पाचवा आलेल्यांचे गट सगळेच बाद. तिसऱ्या आलेल्याच्या मागचे बाद. दुसऱ्याच्या गटातला फक्त त्याच्या मागचा एक राहतो, पहिल्याच्या गटातले मागचे दोन. मोजा. बरोबर पाच घोडे उरतात. त्यांची सातवी.

कागद इतका स्वच्छ होता की मी तो ठेवून घेतला. मॅनेजरने फॉर्मवर शेरा मारला: ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’. मुलीला कळवतो म्हणून सांगितलं.

तेव्हा ६ च सांगा. ती पीडीएफ आमच्या बॅचने कॉलेज रोडवरच्या एका टपरीवर बसून केली होती, प्रत्येकाकडे चार-चार पानं. घोड्यांचं पान माझ्याकडे होतं. सहाव्या शर्यतीपर्यंत आलो आणि वडापाव आले.