रोम म्हणजे राम नव्हे, व्हॅटिकन म्हणजे वाटिका नव्हे

‘रोम हे नाव रामावरून पडलं, त्याच्या विरुद्ध दिशेला रावणाचं रावेन्ना, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, शहराची स्थापना रामनवमीला, आणि सेंट पीटर्स चौक वरून पाहिला तर शिवलिंग.’ हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. आता तो नववीतल्या भाचीच्या इतिहासाच्या प्रकल्पात उतरलाय, म्हणून हे उत्तर.

आधी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चसमोरचा चौक, कारण त्या मजकुरासोबत फिरणारा फोटो बघूनच लोकांना सगळं पटतं. मधला उभा दगड लिंग, लंबगोल म्हणजे शाळुंका आणि चर्चच्या बाजूची जागा म्हणजे पन्हळ, असं सांगतात. पण या वस्तू एका वेळी, एका हेतूने बांधलेल्याच नाहीत. मधला दगड इजिप्तचा ओबेलिस्क, म्हणजे उंच, निमुळता दगडी स्तंभ आहे. चौथरा सोडून उंची 25 मीटरहून जास्त, वजन 300 टनांच्या वर. कॅलिगुला बादशहाने (ई.स. 37 ते 41) तो रोमला आणला. पुढे दीड हजार वर्षं तो आजच्या चर्चच्या दक्षिण बाजूला, जुन्या शर्यतीच्या मैदानाच्या जागी उभा होता. 1586 मध्ये पोप सिक्स्टस पाचवा याच्या हुकमावरून वास्तुविशारद दोमेनिको फोंताना याने तो हलवला. दगडाभोवती लाकडी सांगाडा, त्यावरून दोर, आणि ते ओढायला माणसं आणि घोडे जुंपलेले रहाट. सगळे रहाट एकसारखे फिरले नाहीत तर भार एकाच दोरावर येतो, दोर तुटतो आणि दगडाचे दोन तुकडे होतात. म्हणून तुतारी वाजली की ओढायचं, घंटा वाजली की थांबायचं, असा कडक नियम होता. आडवा केलेला दगड रुळांवरून सुमारे अडीचशे मीटर ओढत नेला आणि 10 सप्टेंबरला तो नव्या जागी उभा राहिला.

शिल्पकार-वास्तुविशारद बर्निनीने चौकाचं काम हाती घेतलं ते यानंतर 70 वर्षांनी, 1656 मध्ये. दगड आधीच रोवलेला, उत्तरेला पोपचा राजवाडा. हे दोन्ही धरून त्याला लंबगोल आखावा लागला. त्याच्या दोन बाजूंचे खांब म्हणजे चर्चने पसरलेले आईचे हात, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. आणि ती तथाकथित पन्हळ चर्चकडे जाताना निमुळती होत नाही, उलट रुंदावते. पूर्वेची मोकळी बाजूही बर्निनीला खांबांच्या तिसऱ्या रांगेने बंद करायची होती. 1667 मध्ये पोप अलेक्झांडर सातवा वारला आणि ते राहून गेलं.

आता नाव. यासाठी इटलीतल्या वुल्ची इथलं ‘फ्रांस्वा थडगं’ पुरेसं आहे. ते 1857 मध्ये सापडलं, भित्तिचित्रं ई.स.पू. चौथ्या शतकातली, एट्रुस्कन लोकांची, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या प्राचीन शेजाऱ्यांची. त्यात एका माणसाशेजारी लिहिलंय, ‘क्नेवे तार्खुनिएस रुमाख’, म्हणजे रोमचा तार्क्विनियस. म्हणजे एट्रुस्कन लोक या शहराला ‘रुमा’ म्हणत, कारण त्यांच्या लिपीत ‘ओ’ नव्हता. रोमा नावाचा मूळ अर्थ विद्वानांनाही ठरवता आलेला नाही, पण रामाकडे नेणारा एकही जुना लेख नाही. ‘एट्रुस्कन भिंतींवर रामायण रंगवलंय’ हा उपमुद्दाही इथेच संपतो. याच थडग्यात चित्रांवर नावं आहेत: आख्ले, ऐवास, आख्मेम्रुन. म्हणजे अकिलीस, एजॅक्स, अ‍ॅगमेम्नॉन. ही ट्रोजन युद्धाची गोष्ट आहे.

एक मान्य करायला हवं. लॅटिन आणि संस्कृत खरोखर एका कुळातल्या भाषा आहेत. अग्नि–इग्निस, पितृ–पातेर, दान–दोनुम. पण बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हेत. आणि एट्रुस्कन तर या कुळातलीच नाही.

व्हॅटिकन हे रोमच्या टायबर नदीपलीकडच्या टेकडीचं ख्रिस्तपूर्व नाव. तिथे रोम शहराहून जुनं एक ओकचं झाड होतं आणि त्यावर ब्राँझच्या एट्रुस्कन अक्षरांतला लेख होता, असं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. म्हणजे नावाचा माग एट्रुस्कन भाषेत घ्यायला हवा. कॅलिगुलाची आई अग्रिप्पिना हिच्या बागा तिथे होत्या हे खरंय. पण त्या बागांना रोमन लोक ‘होर्ती’ म्हणत. बागेसाठी त्यांचा शब्द तो होता.

रावेन्ना रोमचं शत्रुस्थान नव्हतंच. ई.स. 402 मध्ये होनोरियस बादशहाने पश्चिम साम्राज्याची राजधानीच तिथे नेली, कारण भोवतीच्या दलदलीमुळे ते शहर सुरक्षित होतं. रोमचा स्थापना दिवस मानला जाणारा 21 एप्रिल हा मेंढपाळांच्या पारिलिया सणाचा दिवस, दरवर्षी तोच. रामनवमी तिथीवर चालते: 2021 मध्ये ती 21 एप्रिललाच आली होती, 2023 मध्ये 30 मार्चला आणि 2025 मध्ये 6 एप्रिलला.

राहिला व्हॅटिकनच्या एट्रुस्कन संग्रहालयातला, पुरावा म्हणून दाखवला जाणारा ‘शिवलिंगाचा’ दगड. तो शिवलिंगासारखा दिसतो, हे कबूल. पण असे दगड एट्रुस्कन थडग्यांवरच्या खुणा असतात. चेर्वेतेरीच्या दफनभूमीत ते आजही जागेवर आहेत: पुरुषाच्या थडग्याला लिंगाकार खांब, बाईच्या थडग्याला छोट्या घराच्या आकाराचा दगड.