फक्त एकदा चालू करून बघू

बेसिनखालच्या पाइपची गळती मी स्वतः थांबवली होती. टेफ्लॉन टेप गुंडाळली, नट आवळला, खाली बोट लावून कोरडं असल्याची खात्री केली आणि त्याच समाधानात त्याच पाइपखाली ड्रिल मशीनची पेटी सरकवून दिली. पेटी भक्कम. झाकणाला आतून रबराची कड. एका बाजूची क्लिप तेवढी तुटलेली होती. पाण्याला तेवढी फट पुरली. आत आलेलं पाणी मात्र पेटीने थेंबभरही बाहेर जाऊ दिलं नाही.

उचलली तेव्हाच जड लागली, आणि आतून डुबुक असा आवाज आला. झाकण उघडलं तर ड्रिल कुशीवर पहुडलेलं, बिट पकडणारा चक पूर्ण बुडालेला, त्यावर तांबूस गंजाची कोवळी साय. वॉरंटी कार्डावरच्या सहीची शाई विरघळून सगळं पाणी किंचित निळं झालं होतं.

"ते उंचावर ठेवा म्हणून वर्षभर सांगतेय," बायको म्हणाली.

खोटं नाही. उंचावर ठेवायला बेसिनच्या वर फळी मारायची ठरलं होतं. फळी आणलीही होती. पण फळी मारायला ड्रिल लागतं, आणि ड्रिल काढायला बेसिनखाली वाकावं लागतं. माझं घोडं त्या वाकण्यापाशी अडलेलं.

मेहुण्याला फोन लावला. तो इंजिनियर आहे. शाखा वेगळी, पण आत्मविश्वास सर्व शाखांचा.

"दाजी, चालू करून बघितलंत?"

"नाही."

"मग बघूच नका. पाण्याने मशीन मरत नाही, ओलं असताना वीज दिली की मरतं."

"अरे पण त्याला डबल इन्सुलेशन आहे. पाटीवर चौकोनात चौकोन काढलाय."

"ते तुम्हाला शॉक बसू नये म्हणून. आत दोन थर आहेत, त्यामुळे अर्थिंगची तार लागत नाही. पोहायला परवानगी आहे असा त्याचा अर्थ होत नाही."

मग मी ते खोललं. स्क्रू चांदणीच्या तोंडाचे, म्हणजे घरातल्या एकाही पान्याला न जुमानणारे. दोन्ही बाजूंच्या टोप्या काढून, मोटारीला वीज पोचवणारे कार्बन बाहेर घेताना एक स्प्रिंग टुणकन उडाली आणि तिला शोधण्यात संध्याकाळ गेली. गिअरबॉक्स उघडल्यावर मात्र मी हबकलो. काळं, चिकट ग्रीस असायचं तिथे पांढुरका, दुधाळ मलम. ग्रीसमध्ये पाणी घुसळलं की असं होतं म्हणे. एखाद्याचा एक्स-रे चुकून आपल्या हाती लागावा तसं वाटलं. ते सगळं पुसून काढलं, आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) आणि फील्ड (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) कागदावर वाळत ठेवले, आणि वाट बघायला बसलो.

वाट बघणं हा या दुरुस्तीतला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यासाठी कुठलाही पाना मिळत नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा हात लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायर मारला. तिसऱ्या दिवशी सगळं खडखडीत दिसत होतं. जोडलं. हातात धरलं. इथे दोष माझ्या एकट्याचा नाही. ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि खाली घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट 1917 साली मिळालं. तेव्हापासून माणसाने ड्रिल उचललं की तर्जनी आपोआप घोड्यावर जाते. आरशात एकदा बघितलंही जातं.

फक्त एकदा, म्हटलं. सेकंदभर.

चार सेकंद चाललं. झकास चाललं. मी "झालं बरं का!" अशी आरोळीही ठोकली. मग मागच्या जाळीतून निळी ठिणगी दिसली, करपलेल्या वॉर्निशचा वास आला, आणि खटकन घरभर अंधार. एमसीबी पडला होता. अंधारातून बायकोचा आवाज आला, "झालं का?"

मोटार वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रींनी मशीन नाकाशी नेलं, हुंगलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चालू करून बघितलं का?"

"एकदाच."

"सगळे एकदाच बघतात," ते म्हणाले. त्यांच्यामागच्या फळीवर अशी एकदाच बघितलेली आठ-दहा मशिनं ओळीने मांडलेली होती.

त्यांनी स्विच फोडून दाखवला. बाहेरून कोरडा ठणठणीत, आत पोटात पाणी आणि हिरवा पडलेला तांब्याचा संपर्क. "हा बंद डबा असतो. आत गेलेलं पाणी महिनाभर राहतं." मग त्यांनी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजायचं यंत्र, काढला, एक वायर आर्मेचरच्या तांब्याला, दुसरी शाफ्टला. हँडल फिरवलं. काटा एका मेगाओमच्या अलीकडेच लोळत पडला. मी डॉक्टरकडे बघावं तसा बघत राहिलो. "जळलं नाहीये, ओल आहे," म्हणत त्यांनी आर्मेचर रात्रभर 100 वॅटच्या पिवळ्या बल्बखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी काटा पार टोकाला, अनंतापाशी. अनंत या चिन्हाकडे बघून माझे डोळे पहिल्यांदाच भरून आले.

तरीही स्विच, दोन बेअरिंग, कार्बनची जोडी आणि ताजं ग्रीस मिळून हिशोब नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढे गेला. तिथे शहाणा माणूस नवंच घेतो. मी नवी मशिनं बघूनही आलो. विक्रेता ब्रशलेस, म्हणजे कार्बन न लागणाऱ्या, मोटारीबद्दल, 18 व्होल्टच्या बॅटरीबद्दल भरभरून बोलत होता. "पाण्यात पडलं तर?" एवढंच मी विचारलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "बॅटरी भिजली तर चार्जिंगला लावायची नाही, थेट बाद करायची," म्हणाला. म्हणजे इथे एकदाच बघायचीही सोय नाही. मी परत मिस्त्रींकडे गेलो आणि जुनंच दुरुस्त करून घेतलं.

मशीन हातात देताना त्यांनी सहज विचारलं, काय काम काढलंय? बेसिनच्या वर फळी मारायचीय, म्हटलं.

"भिंतीतले पाइप कुठून गेलेत माहीत आहे?"

माहीत नव्हतं. अजूनही नाही. त्यामुळे ड्रिल आता फळीवर असतं. फळी बेसिनखाली, जमिनीवर असते.