‘हल्लीच्या पोरांत दमच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

भोसरी-चाकणकडच्या कारखानदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण सूर ओळखीचा आहे: ‘आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांना हातात काही येत नाही. सरकारच म्हणतंय, निम्मी पोरं नोकरीच्या लायकीची नाहीत. शिकवलं तर शिकून दुसरीकडे पळतात. आम्ही साहेबाच्या शिव्या खाऊन शिकलो, यांना मात्र वातावरण पाहिजे. ज्याच्यात दम आहे तो कुठंही काम करून दाखवतो.’ खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून हे उत्तर.

आधी सरकारी आकड्याचं बघू. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचं म्हटलंय, म्हणजे निम्म्याची गोष्ट हवेतली नाही. पण साधारण दहा वर्षांत हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपासवरून इथवर आलं, असंही तोच अहवाल सांगतो. मेसेजवाल्यानं तेवढं बरोब्बर गाळलंय. शिवाय हा आकडा नोकरीआधीच्या चाचणीचा. मशीनवर उभं केल्यानंतर सहा महिन्यांनी कोण कसं काम करतो, ते त्यातून कळत नाही.

‘हातात काही येत नाही’ हे मात्र निम्मं खरं. आयटीआयच्या फिटरची दोन वर्षं कानस आणि हॅकसॉपासून सुरू होतात. तुमच्या शॉपमधली मशीन, तुमचं ड्रॉइंग, तुमच्या कस्टमरची टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) त्याला तिथं कोण शिकवणार? ती दरी भरायलाच १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ पासून तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. २०१६ साली आलेल्या योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारनं उचलला. आणि आपण त्या पोराला काय देतो? बर (कापलेल्या कडेवर राहिलेली धार) काढायचं काम, पॅकिंग, नाहीतर ट्रॉली ढकलणं. वर्षभर हे करून घ्यायचं आणि मग ‘याला ऑफसेट देता येत नाही’, म्हणजे मशीनमधलं माप दुरुस्त करता येत नाही, म्हणून नाक मुरडायचं.

शिकून पळतात का? काही पळतात. वीस माणसांच्या छोट्या व्हेंडरला ती भीती वाटणं मी समजू शकतो. पण बेंगळुरूच्या शाही एक्सपोर्ट्स या कपडे शिवणाऱ्या कंपनीत हे तपासून झालंय. शिलाईच्या लाइनवरच्या काही बायकांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं असलं प्रशिक्षण दिलं. त्यांचं काम वाढलं. सोडून जाण्याचं प्रमाण प्रशिक्षण न मिळालेल्यांपेक्षा वाढलं नाही. प्रशिक्षण संपल्यावर आठ महिन्यांत कंपनीला खर्च वजा जाता खर्चाच्या दुपटीहून जास्त सुटले. (बायकांचा पगार मात्र नावापुरताच वाढला. त्यावर कुणी मेसेज फिरवत नाही.)

आता शिव्या. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर बाहेरचा व्यास काढताना इन्सर्ट (कापणारं टोक) झिजत जातो तसा जॉब, म्हणजे बनणारा भाग, जाड येत जातो. ऑपरेटर मायक्रोमीटरनं माप घेतो आणि ऑफसेटमध्ये तेवढं मायनस करतो. नव्या पोरानं ०.०२ च्या जागी ०.२ दाबलं की पुढचा जॉब अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. हे कुणाच्याही हातून होतं. ज्या शॉपमध्ये तो सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) हाक मारू शकतो तिथं एक जॉब भंगारात जातो आणि मशीन पुन्हा सुरू होतं. जिथं सगळ्या लाइनसमोर आई-बहीण ऐकावी लागणार हे त्याला माहीत असतं, तिथं तो जॉब तयार मालाच्या बिनच्या तळाशी जातो. पोरगं अंदाजानं आकडा बदलतं, पुढचे दोन जॉब जेमतेम येतात, तेही त्याच बिनमध्ये. आठवड्यानं कस्टमरचा फोन येतो आणि आपली दोन माणसं त्यांच्या गेटवर सॉर्टिंगला, खराब जॉब वेगळे काढायला, बसतात. सुपरवायझरच्या वहीत मात्र त्या दिवशीचं रिजेक्शन शून्य.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंना नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत असंच काहीसं दिसलं. जिथल्या नर्सांचं एकमेकींशी आणि प्रमुखाशी चांगलं जमत होतं, त्या वॉर्डांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. या वॉर्डांत चुका झाकल्या जात नव्हत्या, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. शिव्या खाऊन शिकलेल्यांनी आठवून बघावं: कामातला बारकावा साहेबाच्या शिवीनं कळला, की जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्या काकांनी दाखवला म्हणून?

सोमवारच्या दांड्या आणि हातातला मोबाइल यांची तक्रार खोटी नाही. पण दांड्यांचंही कारण दर वेळी पोरातच शोधायचं का? जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना १९८२ ला बंद पडला तेव्हा तिथं पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर तोच कारखाना पुन्हा उघडला. युनियन तीच, बहुतेक कामगार जुनेच. शेकडो जणांना जपानला नेऊन शिकवलं आणि चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क साध्या कामगाराला दिला. गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली. ‘दम’ होता तेवढाच होता.

अमेरिकेचं आपल्याला काय सांगता, म्हणणाऱ्यांसाठी तारापूर आहे. तिथल्या आणि उंबरगावच्या कापड विणणाऱ्या कंपन्यांत २००८ पासून एक प्रयोग झाला. सल्लागारांनी मालकांना साध्या गोष्टी लावून दिल्या: सूत कुठं किती पडलंय याची नोंद, लूमची (मागाची) वेळच्या वेळी देखभाल, दोष कुठून येतो याची रोजची बैठक. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. संशोधक २०१७ मध्ये परत गेले तेव्हा लावून दिलेल्यातल्या जवळपास निम्म्या गोष्टी बंद पडल्या होत्या, तरीही ही युनिटं बाकीच्यांच्या पुढेच होती. बंद का पडल्या, याची जी कारणं सर्वांत जास्त ऐकायला मिळाली त्यांत ही दोन होती: मॅनेजर सोडून गेला, आणि मालकांना वेळ नव्हता.