सिल्व्हरथॉर्नच्या त्या दुपारबद्दल

काका, नमस्कार.

सहलीत सगळेच आपल्याला काका म्हणत होते, म्हणून इथेही तेच म्हणते. आमच्या अमेरिका सहलीतल्या कोलोरॅडोच्या टप्प्याबद्दल आपण एक तारा देऊन सविस्तर लिहिलं आहे. पुढच्या बॅचला नाव नोंदवलेली पुण्यातली मंडळी ते वाचून ऑफिसला फोन करू लागली आहेत, म्हणून उत्तर फोनवर न देता सगळ्यांसमोर देते.

आपलं म्हणणं थोडक्यात असं: रॉकी पर्वतात नेलं, पण डोंगर दाखवायचे सोडून दुपारभर सिल्व्हरथॉर्नच्या उघड्यावरच्या आउटलेट दुकानांत सोडून दिलं. तेवढ्या वेळात लव्हलँड पास ही डोंगरातली उंच खिंड बघून झाली असती. गारा पडल्या तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं. टॅगवरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, मालही 'ओरिजिनल' नव्हता. आणि हे सगळं आम्ही दुकानांकडून मिळणाऱ्या कमिशनसाठी केलं. शेवटी अर्ध्या दिवसाचे पैसे परत मागितले आहेत.

कमिशनचं आधी. नाही, एक सेंटही नाही. त्या दुकानांत आमच्या कंपनीचं नाव कुणाला ठाऊक नाही. आपल्या हातात कुठलं कूपन दिलं नव्हतं, अमुकच दुकानात जा असंही कुणी म्हटलं नव्हतं. गटातली बरीच मंडळी काहीही न घेता नदीकाठच्या बाकांवर गप्पा मारत बसली होती आणि आमचा टूर मॅनेजर त्यांच्यातच बसून चहा पीत होता. गालिच्याच्या शोरूममध्ये पाहुण्यांना आत घेऊन दार लावून घेतल्याचा अनुभव ज्यांनी कुठल्या सहलीत घेतला असेल, त्यांना कमिशनची दुपार कशी असते हे सांगायला नको.

आता दुपारभर तिथेच का, ते सांगते.

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरून बॅगांची वाट बघत उभे होता, तेव्हाच आपण महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकाच्या जवळपास बरोबरीला होता, आणि तेही एक पाऊल न चढता. तिथून सकाळी निघालेली बस आयझेनहॉवर बोगद्यात ३,४०० मीटरवर पोचते. बोगदा ओलांडून खाली उतरलं की सिल्व्हरथॉर्न लागतं. 'खाली' म्हणायचं, पण तेही २,७०० मीटरच्या आसपास आहे. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. डोकं ठणकतं, मळमळतं, भूक मरते, रात्री झोप लागत नाही. आणि हा त्रास पोचल्या पोचल्या होत नाही, काही तास जाऊ देतो आणि मग डोकं वर काढतो. म्हणूनच 'मला तर काहीच होत नाहीये' असं म्हणणाऱ्या माणसाला आम्ही पहिल्या दुपारी आणखी वर नेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण ग्रँड लेकच्या बाजूने ट्रेल रिज रोडवर गेलात. तो रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो आणि त्याचा बराच भाग झाडं उगवायची थांबतात त्या रेषेच्या वरून जातो. आमच्या गटात साठी ओलांडलेले लोक जास्त असतात, काहींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. त्यांना या रस्त्यावर न्यायचं तर आदली दुपार आणि रात्र मधल्या उंचीवर काढायला हवी. हळूहळू चालायला सपाट रस्ता, दर थोड्या अंतरावर बाक, पाणी, स्वच्छ टॉयलेट आणि थंडी वाजली तर आत शिरायला दार, हे सगळं त्या उंचीवर आम्हाला एका ठिकाणी मिळतं ते या आउटलेटच्या आवारात. तिथे दुकानं नसून वाचनालयं असती तरी आम्ही तिथेच थांबलो असतो.

आपणच लिहिलं आहे की दोन दुकानं फिरताच आपल्याला दम लागला. मग लव्हलँड पासचा आग्रह कशासाठी? तो ३,६५५ मीटरवर आहे. बोगद्यातून न्यायला बंदी असलेला ज्वालाग्राही माल वाहणारे टँकर त्याच वळणावळणाच्या वाटेने जातात. मोठी बस, ती वळणं, समोरून टँकर आणि आत धाप लागलेले प्रवासी, असा कार्यक्रम मी आखणार नाही, कितीही तारे मिळाले तरी.

दुसरं कारण गारांचंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सकाळी आभाळ स्वच्छ असतं आणि दुपारी माथ्यांवर ढग जमून विजा कडाडायला लागतात. तिथले अनुभवी गिर्यारोहक दुपारी बाराच्या आत उंचावरून खाली या असं बजावतात, कारण वर झाडच नसतं. उघड्या माळावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे उभा माणूस. म्हणून आमच्या सहलीत उंच रस्ते सकाळी आणि गाव दुपारी, हा क्रम ठरलेला आहे. आपण ज्या गारा पाहिल्या त्या दुकानाच्या दारात उभं राहून पाहिल्या. तुमच्या म्हणण्याप्रमाणे गेलो असतो तर त्याच गारा पासवर अंगावर घ्याव्या लागल्या असत्या.

छपराबद्दल: ते ठिकाण विमाननगरच्या मॉलसारखं एका छताखाली नाहीच. रेड, ब्लू आणि ग्रीन अशी तीन 'गावं' आहेत, मध्ये रस्ते, पार्किंग आणि ब्लू रिव्हर नदी. एका दुकानातून दुसऱ्यात जायचं तर बाहेर यावंच लागतं. हे बसमध्ये माइकवर सांगितलं होतं, नकाशा वाटला होता आणि विंडचीटर हातातल्या पिशवीत ठेवा असंही सांगितलं होतं. आपला विंडचीटर बसच्या डिकीतल्या मोठ्या बॅगेत होता. गारा पडायला लागल्यावर दुकानात शिरायला तिथे कुणी तिकीट मागत नाही, काका.

'बघायला काहीच नव्हतं' हे वाचून मात्र वाईट वाटलं. दुकानांच्या मागून वाहते ती नदी डिलन धरणातून येते. १९६३ मध्ये ते धरण पुरं झालं. त्यासाठी जुनं डिलन गाव उठवून दुसरीकडे वसवलं, आणि तिथलं पाणी ३७ किलोमीटर लांब बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे, डेन्व्हरच्या नळांना जातं. मुळशीचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याला उतरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्या पुणेकराने तरी ती नदी पाच मिनिटं बघायला हवी होती. टूर मॅनेजर तिकडे चक्कर मारायला चला म्हणाला तेव्हा आपण जीन्सच्या दुकानात होता.

आता किमती. आपल्याकडे एमआरपी म्हणजे सगळे कर धरून, वर काही नाही. अमेरिकेत टॅगवरची किंमत करांशिवायची असते आणि विक्रीकर बिल करताना लागतो. कोलोरॅडो राज्याचा २.९ टक्के, त्यावर काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा) आणि गावाचा वेगळा. कॅशिअरने आपल्याला फसवलेलं नाही, पावतीवर कराची ओळ स्वतंत्र छापलेली असते. युरोपात पर्यटकाला निघताना काही खरेदीवरचा कर परत मिळतो, कोलोरॅडोत तशी सोय नाही. कागदी पिशवीचे १० सेंट हाही त्या राज्याचा कायदा आहे, दुकानदाराचा लोभ नाही.

माल 'ओरिजिनल' नव्हता, या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते आमच्या माथी मारू नका. आउटलेट म्हणजे पूर्वी कारखान्याच्या दारात विकलेला उरलासुरला किंवा किंचित डागी माल. आता अनेक ब्रँड आउटलेटसाठी मुळातच वेगळा माल शिवून घेतात. नाव तेच, पण कापड हलकं, शिलाई साधी, आतलं अस्तर गायब. शेजारी छापलेल्या 'मूळ किमतीला' तो कपडा कधी कुठे विकलेला असतोच असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या संसदेतल्या चार सदस्यांनी याच गोष्टीवर ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहिलं होतं, म्हणजे ही तक्रार करणारे आपण एकटे नाही. म्हणूनच बस पोचण्याआधी सांगितलं होतं की गळ्यापाशी नेहमीच्या लेबलखेरीज वेगळी खूण किंवा 'फॅक्टरी' असा शब्द दिसला तर तो आउटलेटसाठीच शिवलेला माल समजा, आणि सत्तर टक्के सूट हा आकडा विसरून हातातल्या कपड्याला काय द्यावंसं वाटतं ते ठरवा. टी-शर्टवर 'मेड इन इंडिया' निघालं याचा आपल्याला राग आला आहे. जगभर जाणारे टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरला शिवले जातात, ते सिल्व्हरथॉर्नलाही पोचणारच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तिथे टी-शर्ट आणि चॉकलेटं घेऊच नयेत. चालायचे बूट, हंगाम संपताना उरलेली थंडीची जॅकेटं आणि चाकांच्या बॅगा बघाव्यात. काकूंनी बूट घेतले ते मी फोटोत पाहिले. त्यांनी जाड मोजे घालून दोन्ही पाय घातले, पुढे अंगठ्याची जागा दाबून बघितली, दुकानातल्या उतरत्या फळीवर खाली चालून बोटं टोकाला लागतात का ते तपासलं आणि मगच पैसे दिले. दुसऱ्या दिवशी तेच बूट घालून त्या ट्रेल रिज रोडवरच्या अल्पाइन व्हिजिटर सेंटरमागच्या पायऱ्या चढून गेल्या. ते सेंटरच ३,५९५ मीटरवर आहे. आपणही त्यांच्या मागोमाग गेलात, थांबत थांबत, पण वरपर्यंत. गटातल्या एकालाही त्या दिवशी बसमधल्या ऑक्सिजनच्या डब्याची गरज लागली नाही. आपल्या लांबलचक अभिप्रायात त्या सकाळबद्दल एक ओळही नाही, हे मला जरा खटकलं.

ज्यांनी फोन केले त्यांच्यासाठी: पुढच्या बॅचलाही सिल्व्हरथॉर्नची दुपार तशीच राहील, मुक्कामही तिथेच. खरेदी करायची नसेल तर करू नका. पाणी भरपूर प्या, संध्याकाळी जेवण हलकं घ्या, आणि विंडचीटर कृपया डिकीत टाकू नका. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना उंचीचे हे आकडे दाखवा, 'अमेरिकेला चाललोय' एवढंच सांगून येऊ नका.

काका, अर्ध्या दिवसाचे पैसे परत मिळणार नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे 'दुपारी सिल्व्हरथॉर्न आउटलेट, विश्रांती, मुक्काम' असं छापलेलं आहे आणि ती पत्रिका आपण सही करून घेतली आहे. आपला एक तारा राहू द्या, मतं बदला असं मी म्हणणार नाही. कमिशनचं वाक्य तेवढं एक तर पुराव्यासह लिहा, नाही तर काढून टाका.