मुलाला तुरुंग दाखवून आणा म्हणणाऱ्या निरोपाचा प्रतिवाद

‘बालगुन्हेगार घडत नाहीत, जन्माला येतात’ अशा मथळ्याचा पाच मुद्द्यांचा एक निरोप सध्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आहे. असले निरोप मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. हा मात्र माझ्या धाकट्या बहिणीने मला पाठवला आणि खाली विचारले, “दादा, याला एकदा तुरुंग दाखवून आणू का?” तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मित्राचा मोबाइल उचलला होता. तो परत केला गेला आहे, माफीही मागून झाली आहे. तरीही एका आईला हा प्रश्न पडावा, इतकी भीती ज्या मजकुराने घातली, त्याला सविस्तर उत्तर देणे मला भाग वाटते.

पहिला मुद्दा म्हणे गुन्हेगारी रक्तातच असते. चेझारे लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये कवटी आणि जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा सिद्धांत मांडला होता आणि तो केव्हाच मोडीत निघाला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शिकागोत बालन्यायालयापुढे आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले, तेव्हा शहराच्या मध्याजवळच्या मोडकळीला आलेल्या वस्त्यांत अशा मुलांचे प्रमाण दशकानुदशके चढेच असल्याचे दिसले. त्या काळात तिथली माणसे मात्र बदलत राहिली. जर्मन आणि आयरिश कुटुंबे निघून गेली, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आली, आणि प्रमाण चढेच राहिले. रहिवाशांचे वंश बदलूनही आकडा हलत नसेल, तर कारण रक्तात शोधायचे कशाच्या आधारावर? स्वभावाचा काहीच वाटा नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. अगदी लहानपणापासून आक्रमक वागणारा आणि पुढेही तसाच राहणारा एक छोटा गट असतो, हे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडले आहे. पण त्याच मांडणीनुसार नियम मोडणारी बहुसंख्य मुले किशोरवयापुरतीच तशी वागतात.

दुसरा मुद्दा असा की गुन्हे गरिबांचीच मुले करतात. विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९७३ मध्ये एकाच शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांतली आठ मुले शाळा बुडवत, दारू पिऊन गाडी चालवत, मोडतोड करत. तरी अभ्यासाच्या काळात त्यांच्यापैकी एकालाही अटक झाली नाही. खालच्या थरातली सहा मुले मात्र सतत पोलिसांच्या नजरेत होती. पोलिसांचे दप्तर कोण पकडले गेले ते सांगते, आणि हा निरोप लिहिणाऱ्याने त्यालाच गुन्ह्याचे मोजमाप मानले आहे.

तिसरा मुद्दा संगतीचा, आणि तो बराचसा खरा आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करतो. गुन्हेगारी वर्तन जवळच्या माणसांच्या सहवासातून शिकले जाते, हे एडविन सदरलँड यांनी फार पूर्वी मांडले. पण संगतीने मुले बिघडतात असे म्हणणारा हाच निरोप पुढच्याच मुद्द्यात अशा सगळ्या मुलांना गोळा करून एकत्र तुरुंगात फिरवून आणायला सांगतो!

या चौथ्या मुद्द्यामुळेच मी हे लिहितो आहे. तुरुंग दाखवून मुलांना वळणावर आणण्याची कल्पना नवी नाही. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांनी असा उपक्रम चालवला. मुलांना आत आणून त्यांच्यावर ओरडायचे, धमकावायचे, तुरुंगात दुबळ्यांचे काय होते ते अंगावर येईल अशा शब्दांत सांगायचे, असा तो प्रकार होता. १९७८ मध्ये त्यावर निघालेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले आणि ठिकठिकाणी त्याची नक्कल झाली. भेदरलेले मूल रडते, ‘पुन्हा नाही करणार’ म्हणते, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते. परंतु उपाय लागू पडला की नाही, हे त्या दिवशीच्या रडण्यावरून ठरत नाही. तुरुंगात न नेलेली तशीच मुले पुढे कशी वागली, हे शेजारी ठेवून पाहावे लागते. जेम्स फिंकेनॉअर यांनी राहवेच्याच उपक्रमाबाबत ही तुलना केली. सहा महिन्यांत तुरुंग पाहून आलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला, न गेलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के मुलांनी. त्यांचे गट लहान होते, म्हणून हा एकच अभ्यास पुरेसा नाही असे कोणी म्हणेल. अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग अशा नऊ चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष काढला की असे उपक्रम काहीच न करण्यापेक्षा जास्त अपाय करतात. ‘निदान तोटा तरी नाही ना’ अशी समजूत करून घेणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचावा. अपाय नेमका कशामुळे होतो, हे या चाचण्या सांगत नाहीत. पण एका चुकीबद्दल ज्याला कैद्यांपुढे उभे केले, त्याला आपली माणसे आपल्याला कोणात जमा धरतात हे उमगत नसेल, असे मानणे कठीण आहे.

पाचवा मुद्दा म्हणतो की समाजशास्त्र गुन्हेगारांना सबबी पुरवते. ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये मुलांच्या सबबींचेच वर्गीकरण केले होते. ‘त्याच्याकडे दुसरा फोन आहेच’ म्हणणारा मुलगा नुकसानच नाकारत असतो, आणि हे ओळखता आले तर मोठ्यांना नेमके तेच बोलणे खोडता येते.

निरोपाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘एकदा चोर तो कायमचा चोर’. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक यांनी बॉस्टन भागातल्या सुधारगृहांत गेलेल्या ५०० मुलांची माहिती जमवली होती. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी त्यांच्यापैकी अनेकांचा माग सत्तरीपर्यंत काढला. त्यांतले बहुतेक जण कधी ना कधी गुन्ह्यांपासून दूर झाले होते. कोणाला टिकाऊ नोकरीने सावरले, कोणाला लग्नाने, कोणाला लष्करातल्या सेवेने.