मार्चअखेरचा पैसा आणि मृगाचा पाऊस

सप्रेम नमस्कार.

मुलांना गावची जैवविविधता जपायला शिकवणाऱ्या उपक्रमांना निधी मिळावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही गोव्यातल्या डिचोलीहून कळवलंत की तुमच्या आजीला रान ओळखायला कुणाचा निधी लागला नव्हता, हा पैसा टी-शर्ट, बॅनर आणि फोटोंत जातो, त्यापेक्षा वनरक्षक वाढवावेत. वाचून बोचलं, कारण त्यातलं निम्मं खरं आहे.

ते आधी कबूल करते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आमच्या शाळेला रोपं मिळाली. पैसा मार्चच्या आत संपवायचा, म्हणून फेब्रुवारीअखेर, जांभा तापलेला असताना, मुलांनी खड्डे खणले. रोपं होती अकेशियाची, म्हणजे परदेशी झाडाची. एप्रिलपर्यंत सगळी वाळली. पाचवीतली एक मुलगी सुट्टी लागेपर्यंत घरून बाटलीतून पाणी आणून आपल्या रोपाला घालत होती. तिचा तो रिकामा खड्डा मी अजून विसरलेले नाही.

आता आजीबद्दल. आजी रोज रानात जायची, सरपणाला, गुरांमागे, पावसाळी भाजीला. टायकिळा किती कोवळा खुडायचा, अकूर कुठल्या ओहळाकाठी येतो, हे तिला चालता चालता कळलं. आजचं मूल दारात बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसतं आणि शाळेच्या फाटकाशी उतरतं. मधली पाणंद त्याच्या पायाला लागतच नाही. ती वाट पुन्हा दाखवायची तर पैसा लागतो. फार नाही, पण लागतो.

गेल्या चवथीआधी आम्ही मुलांना माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळांच्या चौकटीचं, सामान आणायला सांगितलं. बहुतेकांनी बाजारातून आणलं. एकाच्या हातात कांगल्यांचा छान घोस होता, पण त्याचा वेल त्यानं कधी पाहिला नव्हता. मग वस्तीवरच्या एका मावशीबरोबर आम्ही रानाच्या कडेला गेलो. तिनं वेल एका हातानं धरून ठेवला आणि नखानं फक्त घोस खुडला. मुलगा वेलच ओढायला लागला, तशी ती म्हणाली, "ओढलास तर फुडल्या चवथीक कितें बांदतलो?" माट्टीची फळं, घागऱ्या, कवंडळं, सगळं तिनं झाडाजवळ नेऊन दाखवलं. त्या दिवशी तिचा कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, रोजगार बुडाला. तो आम्ही दिला. निधी म्हणजे माझ्या लेखी हा रोज, आणि जीपचं भाडं.

पुढे एका देणगीदाराच्या अर्जात 'मार्गदर्शकाची शैक्षणिक पात्रता' असा रकाना आला. मावशी चौथी शिकलेली. तिचं नाव तिथं बसेना. वास्तविक 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या असायला हव्यात आणि त्यांनी लोकांकडचं ज्ञान नोंदवहीत उतरवायला हवं. ते ज्ञान मावशीसारख्यांकडेच आहे. मुलांनी तिच्यामागून वही घेऊन फिरावं, याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

वनरक्षक हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण बेडकांचं पाहा. उन्हाळाभर जमिनीत दडलेला मोठा बेडूक पहिल्या पावसाला विणीसाठी बाहेर येतो आणि नेमका त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात पकडला जातो, मादी अंडी घालायच्या आधीच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, वनखातं गस्तही घालतं. तरी प्रत्येक शेताच्या बांधावर रक्षक कुठून आणणार? आणि बेडूक शिजतो तो कुणाच्या तरी घरात. त्या घरात एक मूल असतं, ज्यानं अंड्यांचा बुळबुळीत पुंजका आणि मग शेपटीची पिल्लं बघितलेली असली तर ते जेवताना बोलतं. आमच्याकडे दोघं बोलली. एका घरी थांबलं, दुसऱ्या घरी नाही.

म्हणून माझा आग्रह पैशाच्या वेळेवर आहे. आपल्याकडचं रान जूनमध्ये जागं होतं आणि देणगी फेब्रुवारीत येते. कंपन्या मार्चअखेरीचं कारण देतात. पण मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावेत, या 2013 च्या कंपनी कायद्यातल्या तरतुदीत 2021 पासून सोय आहे: चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. यंदाच्या अर्जात आम्ही तेच मागितलंय: तीन पावसाळे, जीपभाडं, मावशीचा रोज. टी-शर्ट आणि बॅनर यांपुढे शून्य लिहिलंय. उत्तर आलं की इथंच कळवीन, नकार आला तरी.