खुंटी काही शिरेना

फ्लोरिडातल्या स्टेट पार्कात तंबू ठोकायला जागा हवी असेल, तर राज्यात राहणाऱ्यांना ११ महिने आधी बुकिंग करता येतं आणि बाहेरच्यांना १० महिने आधी. या एका महिन्याच्या फरकाइतका मान आम्हा टँपाकरांना सरकारदरबारी दुसरा कुठलाच नाही. सकाळी आठला खिडकी उघडते आणि बाहिया होंडा बेटावरच्या जागा लोकांचा चहा निवायच्या आत संपतात. तत्काळ तिकिटांवर पोसलेल्या आमच्या पिढीला ही लढाई नवी नव्हती. बायको लॅपटॉपवर, मी फोनवर, आणि जागा मिळाली तेव्हा आम्ही जो आरडाओरडा केला त्याने शेजारचं कुत्रं बराच वेळ भुंकत होतं.

अकरा महिन्यांनी आपले गुडघे कसे असतील, हे अशा वेळी कोणी विचारात घेत नाही. तेवढ्या अवधीत आपल्याकडे लग्नं ठरून, लागून, पहिली दिवाळीही होऊन जाते. आमच्याकडे मध्यंतरी आई-बाबांचा व्हिसा झाला आणि ते नेमके त्याच आठवड्यात सांगलीहून दाखल झाले.

"तिथे हॉटेल नाही का?" बाबांनी विचारलं.

"आहेत ना. पण आपण तंबूत राहणार."

"का?"

या प्रश्नाला कॅम्पिंगच्या जगात उत्तर नाही. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. साइटवरच्या तंबूत त्यांनी उमेदीची वर्षं काढली, ती पगार घेऊन. त्यासाठी उलट आपणच पैसे भरायचे ही गोष्ट त्यांच्या हिशेबाच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसेना. आई मात्र उत्साहात. तिने लगेच मेतकूट, भाजणी, दोन प्रकारच्या चटण्या आणि सुतळीचा एक गुंडा काढून ठेवला. सुतळी ती सांगलीहून घेऊन आली होती. अमेरिकेत सुतळी मिळते असं सांगितल्यावर "असेल, पण आपली ती आपली" म्हणाली.

टँपाहून सात तास. मियामी मागे पडलं की मुख्य भूमी संपते आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उड्या मारत ११३ मैलांचा रस्ता 'की वेस्ट' या शेवटच्या बेटाला जातो. वाटेत ४२ पूल. सहा तास डुलक्या काढणारे बाबा पहिल्या पुलाला जे जागे झाले ते पुढे झोपलेच नाहीत. आम्ही डाव्या खिडकीतून हिरवंनिळं पाणी दाखवतोय आणि बाबा कठड्याकडे बघून "जॉइंट चांगले ठेवलेत" म्हणताहेत.

आमच्या बाहिया होंडाचा अक्षांश साधारण उदयपूरचा. म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा वर, पण हवेला हे कोणी कळवलेलं नसावं. गाडीचं दार उघडलं आणि आईचा चष्मा धुक्याने भरला. समुद्रावरून वारा येत होता, माड डोलत होते, आणि किनाऱ्यावर येऊन पडलेलं सरगॅसम शेवाळ ऊन खाऊन नासक्या अंड्याचा वास सोडत होतं. फोटोत वास येत नाही, म्हणून ही बेटं एवढी लोकप्रिय आहेत.

तंबू उभारायला घेतला. खुंटी टेकवली, हातोडी मारली, खुंटी वाकली. दुसरी खुंटी, तेच. ही बेटं म्हणजे प्राचीन प्रवाळाचा चुनखडक आहे, त्यावर खडीचा एक पातळ थर, तोही आपल्याला आशा वाटावी एवढ्यापुरता. तिसरी खुंटी वाकल्यावर बाबा खाली बसले, बोटांनी खडी बाजूला सारली, खडकावर हातोडी टकटक वाजवून पाहिली आणि आल्यापासून पहिल्यांदा प्रसन्न हसले.

"अरे, पायाला एक नंबर आहे!"

"बाबा, आपल्याला इमारत नाही बांधायची."

"इमारतीला काही अडचण नाही. तुझ्या तंबूचाच प्रश्न आहे."

तेवढ्यात वाऱ्याने तंबू उचलला आणि बायको त्याच्यामागे शेजारच्या कुटुंबाच्या जेवणात शिरली. मग बाबांनी कारभार हातात घेतला. सुतळी मागवली. एक कोपरा गाडीच्या चाकाला, दुसरा पिकनिक टेबलाच्या पायाला, उरलेले दोन पाण्याने भरलेल्या कॅनना. आई काही न बोलता गुंड्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी वारा पडला. आता तंबू कुठे जात नाही, म्हणून मी खुर्ची टाकून बसलो. आणि पोटऱ्यांवर कुणीतरी उदबत्ती टेकवल्यागत चटके बसायला लागले. खाली बघावं तर काही नाही. ही नो-सी-अम नावाची चिलटं, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. डासांना अडवणाऱ्या साध्या जाळीतून ती आरामात आत येतात. चावते फक्त मादी, कारण तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. ही माहिती मी कुटुंबाला दिली तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे तिलाही घरचं सगळं बघावं लागतं." मी विषय वाढवला नाही.

चिलटांना वारा सोसत नाही आणि तंबूलाही सोसत नाही. वारा सुटला की तंबू जातो, पडला की आपण जातो. या दोन्हींच्या मधली हवा या बेटावर मिळते म्हणे, पण बुकिंगमध्ये तसा पर्याय नव्हता. आईने खोबरेल तेलात कापूर घालून सगळ्यांना चोपडलं. चिलटं तेलाला चिकटून मरू लागली, पण चावून झाल्यावर.

रात्री अकरानंतर पार्कात शांतता पाळायची असते. हा नियम बाबांच्या घोरण्याला लागू होतो का, हे पाहायला कोणी आलं नाही. मात्र दोनच्या सुमाराला बाहेर खडखडाट झाला. बॅटरी मारली तर टेबलावर रकून. आइसबॉक्सचं झाकण त्याने उघडलं होतं, दूध आणि दही नीट बाजूला ठेवलं होतं आणि तो लसणाच्या चटणीचा डबा दोन्ही हातांनी उघडत होता. इथे प्राण्यांना खाऊ घालायला मनाई आहे. पण प्राणी स्वतःच वाढून घेत असेल तर काय करायचं, हे पाटीवर लिहिलेलं नाही. आई तंबूतूनच "हाड्!" ओरडली. रकूनने शांतपणे चटणी चाखली, बराच वेळ विचार केला आणि पाण्याच्या शोधात निघून गेला.

सकाळी जाग आली तेव्हा बाबांचं अंथरूण रिकामं. ते सापडले बेटाच्या पश्चिम टोकाला, जुन्या पुलावर. या पुलाच्या एका तुकड्यापर्यंत पायवाट नेली आहे, आणि बाबा तिथे एका अमेरिकन आजोबांना हातवारे करून शिकवत होते. फ्लॅगलर नावाच्या धनाढ्याने समुद्रावरून की वेस्टपर्यंत रेल्वे नेली. १९१२ साली पहिल्या गाडीतून तो स्वतः गेला, ८२ वर्षांचा. पुढे १९३५च्या चक्रीवादळाने रेल्वे मोडली आणि सरकारने तिच्याच पुलांवर रस्ता करायचं ठरवलं. पण इथल्या पुलाचा लोखंडी सांगाडा अरुंद, दोन मोटारी शेजारून जाईनात. मग त्यांनी रस्ता चक्क सांगाड्याच्या डोक्यावर घातला. १९३८ पासून १९७२ मध्ये शेजारी नवा पूल होईपर्यंत लोक त्या उंचीवरून गाड्या नेत होते.

"आपल्या खात्यात असं सुचवलं असतं," बाबा म्हणाले, "तर फाइल अजून मंत्रालयात असती." आजोबांना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण मान ते जोरात हलवत होते.

बाबांच्या अंगावर एकही चावा नव्हता. इतक्या वर्षांच्या साइटनंतर त्यांच्या रक्तात सिमेंटचं प्रमाण वाढलं असावं, असा आईचा अंदाज. आम्ही तिघं मात्र आता कुठलंही वाक्य खाजवल्याशिवाय पूर्ण करू शकत नव्हतो.

निघताना तंबू सोडायला वेळ लागला नाही, कारण खुंट्या काढायच्याच नव्हत्या. सेव्हन माइल ब्रिजवर गाडी चढली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, त्यात ढगांच्या सावल्या.

"अहो, आता तरी समुद्र बघा!" आई पोटरी खाजवत म्हणाली.

"शू," बाबा म्हणाले. "जॉइंट मोजतोय. तुझ्यामुळे आता पुन्हा पहिल्यापासून."